रिस्टोअर केलेला इंडोनेशियन स्लॅशर घरी पाहताना: डिस्क निवडण्यापासून जपण्यापर्यंत

मी पहिला जुना इंडोनेशियन भयपट पाहिला तो व्हीसीडीवरून उतरवलेल्या फाइलवर. झाडं गुलाबी, रात्र करड्या चिखलासारखी. समोरासमोर उभे राहून दोघं बोलत असले की पडद्याच्या डाव्या कडेला एकाचं नाक आणि उजव्या कडेला दुसऱ्याचा कान, मध्ये रिकामी भिंत. हा सिनेमा असाच गबाळा काढला असणार, असं मी तेव्हा धरून चाललो होतो. पुढे त्याच काळातला एक सिनेमा मूळ निगेटिव्हवरून नीट रिस्टोअर केलेला पाहिला आणि आपण दिग्दर्शकावर केवढा अन्याय केला होता ते उमगलं. ती रिकामी भिंत त्याने मांडलेलीच नव्हती. चौकोनी टीव्हीसाठी कुणीतरी चित्राच्या दोन्ही कडा छाटून टाकल्या होत्या.

इंडोनेशियाचे सत्तर-ऐंशीच्या दशकांतले भयपट गेल्या काही वर्षांत चांगल्या प्रतींतून ब्लू-रेवर येऊ लागले आहेत. डिस्क महाग असते, बाहेरून मागवावी लागते आणि बहुतेक वेळा मर्यादित प्रती निघतात. त्यामुळे पैसे टाकण्याआधी काय पाहायचं, आल्यावर काय तपासायचं आणि घरच्या टीव्हीवर ती कशी लावायची, हे इथे क्रमाने लिहितो आहे. उदाहरणादाखल ‘स्रिगाला’ समोर ठेवतो, कारण इंडोनेशियन स्लॅशर (एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याचा भयपट) म्हटलं की जाणकार हेच नाव आधी घेतात.

आधी सिनेमाची ओळख करून घ्या

‘स्रिगाला’ १९८१चा. दिग्दर्शक सिस्वोरो गौतम पुत्र. नाव वाचूनच मराठी माणूस थबकतो. सिनेमाचं नावही आपल्या ओळखीचं आहे: संस्कृत ‘शृगाल’. आपल्याकडे शृगाल म्हणजे कोल्हा. समुद्र ओलांडून तो शब्द तिकडे गेला आणि त्याचा लांडगा झाला. एका तळ्याच्या तळाशी खजिना शोधायला आलेली माणसं, त्याच परिसरात तंबू ठोकायला आलेली तरुण मंडळी आणि एकेकाला टिपणारा खुनी, असा मामला आहे. बॅरी प्रिमा, लिडिया कांडोऊ आणि रूडी सलाम ही त्यातली ठळक नावं.

१९८०मध्ये अमेरिकेत ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ आला आणि तळ्याकाठी मुलांना मारत सुटणाऱ्या खुन्यांची लाट उसळली. ‘स्रिगाला’ने त्यातून काय काय उचललं ते लपून राहत नाही. पण एवढ्यावरून त्याला नक्कल म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. त्या काळी इंडोनेशियन भयपट म्हणजे प्रामुख्याने भुतं, काळी विद्या आणि सूड घ्यायला परतलेल्या बायका. सुझाना ही अभिनेत्री तर तिथे भयपटांची राणी म्हणूनच ओळखली जाते. अशा ठिकाणी हाडामांसाचा खुनी मध्यभागी ठेवणं म्हणजे वेगळी वाट धरणं होतं. शिवाय खजिन्याची शोधाशोध आणि मधूनच उसळणारी हाणामारी हा तिथल्या प्रेक्षकाच्या आवडीचा मसाला आहे, अमेरिकन नमुन्यातून आलेला नाही.

सिस्वोरो यांचाच १९८०चा ‘पंगाब्दी सेतान’, म्हणजे सैतानाचा सेवक, जास्त प्रसिद्ध आहे. दिग्दर्शक जोको अन्वर यांनी २०१७मध्ये तो नव्याने केला आणि त्यानंतर जुन्याकडेही लोक वळले. हे दोन्ही सिनेमे जकार्ताच्या रापी फिल्म्सचे. ‘रापी’ म्हणजे नीटनेटका. ही कंपनी उभी करणारे गोपे समतानी सिंधी वंशाचे. तिथल्या चित्रपटधंद्यात सिंधी घराण्यांचा मोठा वाटा आहे, आणि हिंदी सिनेमाचा तिथला चाहतावर्ग तर पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्यामुळे हे सिनेमे पाहताना कुठेतरी ओळखीचं वाटलं तर तो भास समजू नका.

डिस्कच्या पाठीवरचा मजकूर वाचायला शिका

खरेदीचा निर्णय इथे होतो, म्हणून घाई करू नका. पुढचं चित्र कितीही देखणं असलं तरी पाकीट उलटं करा. ऑनलाइन घेत असाल तर मागच्या बाजूचा फोटो मोठा करून वाचा.

पहिला प्रश्न: स्कॅन कशावरून केला? कॅमेऱ्यातून थेट गेलेली मूळ निगेटिव्ह मिळाली असेल तर उत्तम. त्याखालोखाल तिच्यावरून काढलेली इंटरपॉझिटिव्ह. चित्रपटगृहात फिरलेली प्रिंट ही शेवटची निवड. प्रत्येक पिढीला बारकावे गळतात आणि काळोखातला तपशील मिटत जातो, जसं झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये अक्षर फुगत जातं. पण ‘प्रिंटवरून केलेला स्कॅन’ असं वाचून लगेच नाक मुरडू नका. काही सिनेमांचं प्रिंटखेरीज काहीच उरलेलं नसतं, आणि ते मोकळेपणाने सांगणारी कंपनी माझ्या लेखी भरवशाची. ‘नव्याने डिजिटल केलेली प्रत’ एवढंच लिहून स्रोताबद्दल मौन पाळलेलं असेल तर मात्र सावध व्हा.

मूळ सामग्री इतकी दुर्मिळ का, तेही समजून घ्या. १९८०च्या सुमारास फिल्मची पट्टी अ‍ॅसिटेटची असायची. दमट, उष्ण हवेत अ‍ॅसिटेट कुजायला लागतं आणि त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं. डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो. पट्टी आकसते, कडांना लाटा येतात, शेवटी ती यंत्रातून सरकेनाशी होते. शेजारच्या डब्यांनाही ही लागण होते. जकार्तासारख्या बारमाही दमट शहरात वातानुकूलन चोवीस तास चालवणं किती खर्चाचं असेल, याचा अंदाज मुंबई-कोकणातल्या कुणालाही येईल. तिथे १९७५मध्ये मिस्बाख युसा बिरान यांनी सिनेमाटेक इंडोनेशिया हा फिल्मसंग्रह उभा केला, आग्नेय आशियातला पहिला. इंडोनेशियन दिग्दर्शक उस्मार इस्माईल यांचा १९५४चा ‘लेवात जाम मालाम’ २०१२मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत रिस्टोअर झाला आणि फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, तोही याच संग्रहाने जपलेल्या सामग्रीमुळे. आपल्याकडे पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय १९६४पासून हीच झुंज देतंय. २००३च्या आगीत तिथे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्म जळून गेल्या. हे माहीत असलं की चाळीस वर्षांपूर्वीच्या एका स्लॅशरची निगेटिव्ह शाबूत सापडणं ही किती मोठी गोष्ट आहे ते कळतं. श्रेष्ठ मानलेल्या सिनेमांसाठी निधी उभा राहतो. खुनाखुनीच्या सिनेमाची पेटी मात्र गोदामात तशीच पडून असते, कुणी वेडा चाहता किंवा छोटी व्हिडिओ कंपनी शोधत येईपर्यंत.

दुसरा प्रश्न: ‘४के’ कशाला म्हटलंय? ‘४के स्कॅनवरून’ आणि ‘४के डिस्क’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात फिल्म ४के तपशिलाने, म्हणजे सुमारे चार हजार बिंदूंच्या रुंदीने, स्कॅन केलेली असते, पण हाती येणारी डिस्क साधी ब्लू-रे, म्हणजे १९२० बाय १०८० बिंदूंची असू शकते. त्यात फसवणूक काही नाही. मोठ्या स्कॅनवरून खाली आणलेलं चित्र उत्तमच दिसतं. फक्त आपण काय विकत घेतोय ते ठाऊक असावं. व्हीसीडी ३५२ बाय २८८ची होती, हे आठवलं की साधी ब्लू-रेसुद्धा केवढी मोठी उडी आहे ते लक्षात येईल.

तिसरा: चित्राचा आकार. २.३५:१ लिहिलं असेल तर ते रुंद, सिनेमास्कोप धाटणीचं चित्र. असं चित्र जुन्या ४:३ टीव्हीत भरताना बाजूंचे मिळून शंभरातले सुमारे ४३ भाग उडतात. सुरुवातीला सांगितलेलं नाक आणि कान ते हेच. मूळ आकार राखल्याचा उल्लेख नसेल तर ती डिस्क घेऊ नका.

चौथा: लांबी. डिस्कवर दिलेला वेळ जुन्या नोंदींपेक्षा कमी असेल तर लोक लगेच ‘कापलाय’ म्हणून ओरडतात. त्याआधी एक हिशेब करा. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. जुन्या पाल पद्धतीच्या व्हिडिओवर तो २५ चौकटींनी पळवायचे. त्यामुळे ९० मिनिटांचा सिनेमा ८६ मिनिटं २४ सेकंदांत संपतो आणि आवाजही किंचित चढा लागतो. म्हणजे जुन्या टेपची लांबी ८६ आणि नव्या डिस्कची ९० असेल तर तीन-चार मिनिटांचा नवा मजकूर सापडलाय असंही समजू नका. अर्थात कात्री लागायचीच. इंडोनेशियाचे तेव्हाचे हुकूमशहा सुहार्तो यांच्या राजवटीत सेन्सॉर कडक होता. निर्यातीच्या प्रतीत दृश्यं वेगळी असणंही शक्य असतं. पण आधी हा गुणाकार-भागाकार करून मगच निष्कर्ष काढा.

पाचवा, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा: मूळ इंडोनेशियन आवाज आहे का? त्या काळातले बरेच सिनेमे परदेशी विकताना इंग्रजीत डब झाले आणि बाहेर तीच रूपं जास्त फिरली. फक्त इंग्रजी डबिंग असलेली डिस्क मी स्वस्तात मिळाली तरी घेत नाही. दोन्ही असतील तर बहार. मूळ भाषा आणि इंग्रजी सबटायटल्स, एवढं किमान हवंच.

तुमच्या प्लेअरवर चालेल का?

ब्लू-रेचे जगात तीन विभाग आहेत. अमेरिका, जपान आणि इंडोनेशियासह आग्नेय आशिया ए विभागात. युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया बीमध्ये. भारत, चीन, रशिया सीमध्ये. अमेरिकेतून आलेली ए विभागाची डिस्क भारतात विकलेल्या साध्या प्लेअरमध्ये चालेलच असं नाही. माझी पहिली आयात अशीच वाया जायची वेळ आली होती. पडद्यावर विभागाची सूचना आली आणि मी रात्री साडेअकराला हताश होऊन बसलो. त्यानंतर सर्व विभागांचा प्लेअर घेतला, तेव्हा सुटलो. पाकिटावर ‘एबीसी’ असेल तर चिंता नाही. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला विभागाचं बंधन नसतं, पण सोबत येणाऱ्या साध्या ब्लू-रेला ते असू शकतं. डीव्हीडीचे आकडे निराळे: भारत ५, इंडोनेशिया ३, अमेरिका १. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा विभाग बदलता येतो, मात्र पाचच वेळा. पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा, म्हणून गंमत म्हणून बदलत बसू नका.

मागवताना

दोन-तीन मित्र मिळून एकत्र मागवा, टपालखर्च विभागला जातो. सीमाशुल्क आणि त्यावरचा कर वेगळा पडतो, तो किमतीत धरूनच हिशेब करा. टपालाने आलं तर पोस्टमन दारात पैसे घेऊन पावती देतो, कुरिअरने आलं तर आधी केवायसीची कागदपत्रं मागतात.

पाकीट उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा. मला एकदा डिस्कच्या मधल्या भोकापाशी केसाएवढी चीर असलेली प्रत आली. विक्रेता आधी मानायला तयार नव्हता, व्हिडिओ पाठवल्यावर दुसरी प्रत निघाली. ही चीर वरवर दिसत नाही. डिस्क कडेने धरून दिव्यासमोर तिरकी करा, तेव्हा आतल्या वर्तुळाजवळ चमकते. अशी डिस्क प्लेअरमध्ये घालूच नका, वेगाने फिरताना चीर वाढते.

त्याच उजेडात खालची बाजूही बघा. कारखान्यात छापलेली डिस्क चंदेरी दिसते. घरगुती कॉपी केलेल्या डिस्कला सहसा जांभळट, तपकिरी किंवा गडद झाक असते. दुर्मिळ सिनेमांच्या नावाखाली अशा कॉपी विकणारे पुष्कळ आहेत. ज्यांनी निगेटिव्ह शोधून, पदरमोड करून ती स्वच्छ केली त्यांच्यापर्यंत यातला एक रुपयाही जात नाही.

टीव्ही आधी शहाणा करा

नवा टीव्ही दुकानातल्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून मुद्दाम भडक लावलेला असतो. त्याच सेटिंगवर जुनी फिल्म लावली तर रिस्टोअर करणाऱ्यांची मेहनत पाण्यात.

सेटिंगमध्ये ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा आणि पुढचं बरंचसं काम आपोआप होईल. नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ निवडा. मग हालचाल गुळगुळीत करणारी सोय शोधून बंद करा. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पण ओळख एकच: ती चालू असली की सिनेमा मालिकेसारखा दिसतो. शार्पनेस शून्यावर किंवा शून्याजवळ आणा. नॉइज रिडक्शन नावाचं जे काही असेल ते बंद. रंगाचं तापमान ‘वॉर्म’. आणि चित्राचा आकार असा निवडा की कडा छाटल्या जाणार नाहीत. काही टीव्हींवर त्याला ‘जस्ट स्कॅन’, काहींवर ‘स्क्रीन फिट’ म्हणतात. वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतील. घरातलं कुणीतरी रिमोट घेऊन ‘पूर्ण स्क्रीन कर की’ म्हणेलच. करू देऊ नका.

बसायचं अंतर: ५५ इंची टीव्हीला साधारण सव्वादोन मीटर, ४३ इंचीला पावणेदोन. आपण बहुतेक घरांत यापेक्षा लांब बसतो, म्हणून सोफा थोडा पुढे ओढा. खोलीत काळोख करा, पण टीव्हीच्या मागे एक मंद पिवळा दिवा राहू द्या. डोळे कमी शिणतात आणि काळा रंग जास्त काळा वाटतो.

या सिनेमांचा आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा असतो. साउंडबार असला तर त्याचा कृत्रिम सराउंड बंद करा. नाहीतर संवाद समोरून यायचे ते चारी भिंतींतून घुमल्यासारखे येतात.

पहिली दहा मिनिटं: परीक्षा

सिनेमा सुरू करण्याआधी मी चार गोष्टी तपासतो. दहा मिनिटं पुरतात.

एखाद्या जवळून घेतलेल्या चेहऱ्यावर चित्र थांबवा आणि टीव्हीपासून हातभर अंतरावर जा. कपाळावर बारीक, जिवंत कण दिसले पाहिजेत. हा ग्रेन. पहिल्यांदा पाहणारे याला घाण समजतात, म्हणून दुकानदार आणि काही कंपन्याही तो पुसून टाकतात. पण फिल्मवर चित्र उमटतंच मुळी या कणांतून. साजूक तुपाचा रवाळपणा जसा तुपाचाच असतो, तसा ग्रेन चित्राचाच. तो काढला की त्याच्यासोबत कातडीवरची छिद्रं, दाढीचे खुंट, ओल्या केसांच्या बटा सगळं जातं आणि माणूस मेणाचा होतो. आता चित्र चालू करून पाहा. कण प्रत्येक चौकटीत जागा बदलत थरथरले पाहिजेत. ते जाळीसारखे जागच्या जागी चिकटलेले आणि त्यांच्याखालून चेहरा सरकतोय असं दिसलं, तर ग्रेनवर सॉफ्टवेअर वाईट रीतीने चालवलंय. माणसाच्या कडेने पांढरी रेघ दिसली तर कृत्रिम धार चढवली आहे. अधूनमधून एखादा ओरखडा किंवा पांढरा ठिपका दिसला तर मात्र खुशाल सोडून द्या. ओरखडा राहिलेला परवडतो, चेहरा पुसलेला परवडत नाही.

दुसरी परीक्षा रंगाची. त्या काळच्या रंगीत प्रिंटमधले निळसर आणि पिवळे रंग लवकर उडतात आणि किरमिजी मागे उरतो, म्हणून जुन्या प्रती गुलाबी दिसतात. रिस्टोअर करताना हा तोल परत आणावा लागतो. कसोटीला पाच-सहा गोष्टी घ्या: पानं, कातडी, पांढरा सदरा, माती, आभाळ, रक्त. इंडोनेशियातल्या जावा बेटाकडची झाडी आपल्या कोकणासारखी, पिवळट झाक असलेली हिरवी. तीच झाडी डिस्कवर निळसर-हिरवी आणि माणसं नारिंगी दिसत असतील, तर कुणीतरी आजच्या फॅशनचे रंग चढवले आहेत. रक्ताच्या बाबतीत घाबरू नका. त्या काळचं पडद्यावरचं रक्त रंगाच्या डब्यासारखं भडक असायचं, तो दोष डिस्कचा नाही.

तिसरी, रात्र. कमी पैशांतल्या सिनेमांत रात्रीची दृश्यं अनेकदा भर दिवसा, चित्र मुद्दाम काळोखं आणि निळं करून काढलेली असतात. निगेटिव्हवर ती दिवसासारखीच असू शकतात. रिस्टोअर करणाऱ्याला हे कळलं नाही तर पात्रं लख्ख उजेडात कंदील धरून चाचपडताना दिसतात. असं एखादं दृश्य शोधा. जमिनीवर टोकदार सावल्या असतील तर ते दिवसा काढलंय. ते पुरेसं काळोखं केलेलं असेल आणि तरी झाडाआडची आकृती ओळखू येत असेल, तर रंग बसवणाऱ्याने दिग्दर्शकाचा हेतू ओळखलाय. स्लॅशरमध्ये याला फार मोल आहे. झाडाआडची ती आकृती पात्राला दिसत नाही आणि आपल्याला अर्धवट दिसते, यावरच सगळी भीती उभी असते. चित्र फार उजळवलं की खुनी आधीच उघडा पडतो, फार काळं ठेवलं की तो दिसतच नाही. व्हीसीडीवर मला तो कधीच दिसला नव्हता. नुसती किंकाळी ऐकू यायची.

चौथी, आवाज आणि ओठ. ‘आवाज जुळत नाही’ ही तक्रार या सिनेमांबद्दल हमखास येते. पण तिथेही आपल्याकडच्यासारखंच संवाद नंतर स्टुडिओत भरायचे, पुष्कळदा दुसऱ्याच कलावंताच्या आवाजात. ओठ थोडे मागेपुढे होणारच. म्हणून ओठ बघू नका. दार आपटतं, दगड पाण्यात पडतो, थप्पड बसते, असा क्षण शोधा. आघात दिसतो त्याच क्षणी ऐकू आला तर डिस्क बरोबर आहे. उशिरा आला तर आधी साउंडबारचं ‘सिंक’ तपासा. माझ्या घरी दोनदा दोष तिथेच निघाला. मागे थोडी खरखर असेल तर असू दे. खरखर पूर्ण पुसली की रातकिडेही जातात, आणि तळ्याकाठच्या रात्रीतून रातकिडे गेले की उरलं काय!

ऐकण्याची तयारी

इंग्रजी सबटायटल्स वाचत असतानाही कान उघडे ठेवा. इंडोनेशियन भाषेत संस्कृतातून गेलेले शब्द इतके आहेत की मराठी माणसाला मधूनमधून ठेच लागल्यासारखं होतं. ‘राहासिया’ म्हणजे रहस्य, ‘बाहाया’ म्हणजे धोका, आपलं भय. ‘दोसा’ म्हणजे पाप, मूळ दोष. ‘नेराका’ नरक, ‘गुआ’ गुहा, ‘काचा’ काच. ‘मुका’ म्हणजे चेहरा, मुख. ‘कपाला’ म्हणजे डोकं. ‘सुआमी’ म्हणजे नवरा आणि ‘इस्त्री’ म्हणजे बायको. भयपटात हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, म्हणून अर्ध्या तासात कान सरावतो. खजिन्याला ते ‘हार्ता कारुन’ म्हणतात: हार्ता म्हणजे अर्थ, संपत्ती, आणि कारुन म्हणजे कथांमधला अफाट श्रीमंत कारून, ‘कारूनचा खजिना’ म्हणतात तोच. एका शब्दाला संस्कृत आणि दुसऱ्याला अरबी वाट. नुसंताराचा, म्हणजे त्या बेटसमूहाचा इतिहास दोन शब्दांत ऐकू येतो.

ओरडण्याचे शब्दही माहीत असू द्या: ‘तोलोंग’ वाचवा, ‘आवास’ सांभाळ, ‘लारी’ पळ, ‘सिआपा’ कोण, ‘जांगान’ नको. किंकाळी कळली की सबटायटलकडे नजर वळवावी लागत नाही आणि डोळे चित्रावर राहतात.

सबटायटल्समधून एक गोष्ट नेहमी गळते, ती मराठी कानाने परत मिळवता येते. तिकडे माणसं एकमेकांना नुसत्या नावाने फारशी हाक मारत नाहीत. वडीलधाऱ्या पुरुषाला ‘पाक’, बाईंना ‘बू’, थोरल्या भावासारख्याला ‘मास’ किंवा ‘बांग’, ताईसारखीला ‘म्बाक’. इंग्रजीत हे सगळं पुसून फक्त नाव उरतं. कोण कुणाला मान देतोय, कोण अचानक द्यायचा थांबलाय, हे ऐकत राहा. अनोळखी माणसाला आदराने ‘पाक’ म्हणणारा तरुण पुढच्याच दृश्यात ते गाळतो, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे सबटायटलच्या आधी कळतं.

पहिल्यांदा पाहताना कॉमेंटरी, म्हणजे सिनेमासोबत चालणारं जाणकारांचं भाष्य, लावू नका, अतिरिक्त माहितीपटही बघू नका. पुष्कळदा त्यांत शेवट फोडलेला असतो. दुसऱ्या वेळी मात्र जरूर ऐका. डिस्कवर दोन्ही भाषा असतील तर एखादं दृश्य आधी मूळ भाषेत आणि मग इंग्रजी डबिंगमध्ये लावून बघा. परदेशी गिऱ्हाइकासाठी पात्रांचा स्वभावच कसा बदलला जातो, ते पाच मिनिटांत दिसेल.

हे सिनेमे मोठ्यांसाठीच आहेत. मुलं झोपल्यावर लावा. आणि सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा कॉलेजात दाखवायची हौस आली तर थांबा: घरी पाहण्यासाठी घेतलेली डिस्क म्हणजे जाहीर प्रदर्शनाचा परवाना नव्हे. हक्कधारकाची लेखी परवानगी लागते, आणि सार्वजनिक प्रदर्शनाला १९५२चा सिनेमॅटोग्राफ कायदाही लागू होतो. परवानगी मागणारं साधं ईमेल पाठवलं तर छोट्या कंपन्या बहुधा उत्तर देतात, असा माझा अनुभव आहे.

डिस्क जपणं

ब्लू-रेमधली माहिती पृष्ठभागाच्या फक्त ०.१ मिलिमीटर खाली असते, डीव्हीडीत ती ०.६ मिलिमीटरवर. वरचं कडक आवरण ओरखडे झेलतं, पण एखादा खोल ओरखडा बसला तर घासून पुसून दुरुस्त करायला तिथे थरच नसतो. बोटं कडेला आणि मधल्या भोकाला, एवढंच. पुसायचीच वेळ आली तर चष्म्याचं मऊ फडकं, मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत, गोल गोल कधीच नाही. डिस्कवर पेनने लिहू नका. डब्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा.

आमच्या डोंबिवलीत जून ते सप्टेंबर कपाटाच्या मागच्या भिंतीला ओल येते. डिस्कपेक्षा सोबतच्या पुस्तिकेला आणि पुठ्ठ्याच्या वेष्टनाला बुरशी आधी लागते, आणि या मर्यादित प्रतींत ती पुस्तिका पुन्हा मिळत नाही. म्हणून मी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय, प्रत्येक खणात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि गणपतीच्या साफसफाईत त्या बदलतो. दसऱ्याला सगळ्या डब्या बाहेर काढून, उघडून, अर्धा तास पंख्याखाली ठेवतो. उन्हात नाही. मग एकेक डिस्क दिव्यासमोर तिरकी धरून आतलं वर्तुळ बघतो आणि परत जागेवर लावतो.